तारण

थिएसमधल्या आमच्या पतसंस्थेत पंखा एकच,
तो माझ्या टेबलावर.
समोर बसणाऱ्याला वारा लागत नाही.
हलवून घ्यायचा होता, दोन वर्षं झाली.

तबास्कीचा सण नऊ दिवसांवर आला
की रांग दाराबाहेर जाते.
प्रत्येकाला मेंढा हवा असतो,
शेजाऱ्याच्या मेंढ्याहून शिंगभर मोठा.

आज रांगेत मादियोर फाल होते.
लांब निळा झगा, इस्त्रीचा, कोपरावर रफू,
रफूसुद्धा इतकं बारीक की घराणं कळावं.
लोकांनी त्यांना पुढे सोडलं.
कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी रुमालाची गाठ सोडली.
पिळाची बांगडी, टोकांना बाजरीएवढे दाणे.
काट्यावर ठेवायच्या आधीच मी ती ओळखली:
चौथा दाणा किंचित चपटा आहे.
त्या दिवशी भाता मी ओढत होते, सात वर्षांची,
आणि मला शिंक आली होती.

वजन सांगितलं. भाव सांगितला. व्याज सांगितलं.
नाव विचारलं नाही.
त्यांच्या बिरामने माझं नाव घरात काढलं तेव्हा
हे म्हणाले होते,
पोरगी शिकलेली आहे, सालस आहे,
तिच्या बापाचा हात सोन्याचा आहे,
पण त्या हाताला राख आहे.
एवढंच. आवाजही चढवला नव्हता.
बिराम आता इटलीत टोमॅटो खुडतो.
मी थियाम. आमच्या आडनावातच ऐरण आहे,
कितीही परीक्षा पास झालं तरी
हाक मारली की वाजते.

माझ्या घरी धुणं धुते ती आवासुद्धा फालच,
कुठल्यातरी वाळलेल्या फांदीची.
तिचा पगार मी देते. खरं सांगायचं तर कमी देते.
माझा धाकटा भाऊ तिला हसत म्हणाला, करतेस का लग्न?
तीही हसली. म्हणाली, आई विष खाईल माझी.
आणि त्याचा शर्ट पिळून तारेवर टाकला.

दीड लाख फ्रँक मी दोनदा मोजले.
त्यांनी मोजले नाहीत.
मोजणं त्यांच्यात बरं दिसत नाही.
वरची पाच हजारांची नोट काढली,
चार घड्या केल्या,
माझ्या तळहातावर ठेवली.
मासांबाला दे म्हणाले. सण आहे.
आम्ही द्यायचं, तुम्ही घ्यायचं, चालत आलंय.

सुंभ जळतो आणि पीळ राहतो म्हणतात,
इथे तर सोन्याचा पीळ, तोही गहाण.

भिंतीवर डाकारहून आलेला नियम आहे, फ्रेंचमध्ये:
कर्मचाऱ्यांनी भेट स्वीकारू नये.
रांगेतली निम्मी माणसं तो वाचू शकत नाहीत.
मी वाचू शकते.
माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीपेक्षा वीतभर उंच आहे.
तरी त्यांचा हात वर होता आणि माझा खाली,
आणि मी नोट घेतली.
घेतलीच नाही नुसती,
तोंडातून दुवाही निघाली,
आत्या द्यायची तशी, त्याच हेलात,
मला ती येते हेच मला माहीत नव्हतं.

मादियोर फाल उठले तेव्हा
पाठीला घामाने झगा चिकटला होता.

संध्याकाळी बाबांनी नोट बोटांनी चाचपली.
त्यांना आता दिसत नाही.
कुणी दिली विचारलं, मी सांगितलं.
खूप वेळाने म्हणाले, आठवण ठेवली माणसाने.
इतके खूश मी त्यांना
माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.
नोट उशीखाली गेली.

त्या पाच हजारांवरही महिन्याला दोन टक्के चढतात,
हे मी बोलले नाही.

बांगडी तिजोरीत आहे. पाकिटावर माझी सही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय:
चौथा दाणा चपटा, मूळचाच.